आजीच्या अंदाजाचा इतिहास

१/
"मीठ किती घालायचे?" या प्रश्नाला महाराष्ट्रातील घराघरांत पिढ्यानपिढ्या एकच उत्तर मिळत आले आहे : "अंदाजाने." हा अंदाज म्हणजे नेमके काय? तो आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे कसा पोहोचला? तो कागदावर केव्हा आणि का उतरला? आजचा धागा याच प्रश्नांविषयी आहे. राज्ये, लढाया आणि तह यांच्या इतिहासाला दप्तरे असतात. या इतिहासाचे दप्तर चुलीपाशी होते. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
आरंभ एका राजापासून करू. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील 'अन्नभोग' या भागात राजाच्या ताटातील पदार्थांचे वर्णन आहे. त्यांत गव्हाच्या पिठाचे, तापल्या खापरावर भाजायचे 'मंडक' आढळतात. आज खानदेशात लग्नकार्याला आणि सणाला पुरणाचे मांडे होतात. पालथ्या खापरावर, हातावर फिरवून रुमालासारखी पातळ केलेली पोळी भाजणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना या शब्दाचे आयुष्य किती लांब आहे हे वेगळे सांगायला नको.

३/
आता प्रश्न असा, की हे ज्ञान साडेआठशे-नऊशे वर्षे टिकले ते कोणामुळे? 'मानसोल्लास' शतकानुशतके हस्तलिखितांत राहिला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून तो छापला गेला तो विसाव्या शतकात. खानदेशातील एकाही आजीने तो वाचून मांडे शिकलेले नाहीत. मुक्ताबाईने ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजल्याची आख्यायिका आपण ऐकलेली असते. ती आख्यायिकाच आहे, परंतु तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : मांडे करणे त्या लहान मुलीला येत होते. ते तिला कोणी शिकवले, हे विचारण्याची गरज कथेला वाटत नाही.

४/
सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ गणेश नवहस्त ऊर्फ नवाथे यांनी 'भोजनकुतूहल' रचले. ग्रंथ संस्कृत, पण पदार्थांची आणि जिनसांची नावे सांगताना मराठी शब्द वारंवार येतात. लेखकाला तंजावरच्या भोसले घराण्याचा, विशेषतः एकोजीराजांची राणी दीपाबाई यांचा आश्रय होता. या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे मोठे श्रेय भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांचे. येथेही तीच गंमत आहे. लिहिणारा पंडित आपल्याला नावानिशी माहीत आहे. ते पदार्थ ज्यांच्या हातून रोज घडत होते, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव नाही.

५/
म्हणजे ग्रंथांची परंपरा एका बाजूला आणि हातांची परंपरा दुसऱ्या बाजूला, अशा दोन वाटा समांतर चालत होत्या. हातांच्या परंपरेला पाटी-पुस्तक नव्हते, पण अभ्यासक्रम होता. आधी निवडणे आणि पाखडणे. मग विरजण लावणे, ताक घुसळणे. मग कणीक मळणे, भाताला आधण ठेवणे. मग भाकरी किंवा पोळी. सर्वांत शेवटी पुरण, पाक, लोणची आणि वर्षाचा मसाला. चुकले तर नुकसान किती, यावरून हा क्रम ठरे. तांदळात खडा राहिला तर एक घास वाया जातो. लोणचे नासले तर वर्ष वाया जाते.

६/
लहानपणीची भातुकली ही याच शाळेची बालवाडी. चिमुकली चूल, चिमुकले जाते, चिमुकली परात. पितळेचे हे संच आज संग्राहकांच्या कपाटात दिसतात, तेव्हा ती खेळणी वाटतात. पण जात्याचा खुंटा कोणत्या हाताने धरायचा आणि वैरण कोणत्या हाताने टाकायची, हे अंगवळणी पाडणारी ती साधने होती. खेळ कुठे संपला आणि काम कुठे सुरू झाले, हे त्या मुलीला बहुधा कळतही नसे.

७/
या शाळेत घड्याळ नव्हते, तापमापक नव्हता. त्याऐवजी इंद्रियांची एक काटेकोर परिभाषा होती. मोहरी तडतडली पाहिजे. रवा खमंग वास येईपर्यंत भाजायचा. मसाल्याला तेल सुटले पाहिजे. पाक एकतारी, दोनतारी की गोळीबंद, ते बोटांच्या चिमटीत पाहायचे. पुरणात उलथने उभे राहिले की पुरण झाले. कान, नाक, डोळे आणि बोटे यांनी घेतलेली ही मोजमापेच आहेत. "अंदाजाने" या उत्तरामागे एवढा सगळा तपशील दडलेला असतो. तो शब्दांत सांगणे अवघड. शेजारी उभे राहून दाखवणे सोपे.

८/
परीक्षाही होती. दिवाळीचे अनारसे घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग सावलीत सुकवून कुटायचे, गूळ घालून पीठ मुरू द्यायचे. एवढे करूनही प्रमाण चुकले तर तुपात टाकलेला अनारसा फुटून विरघळतो. "अनारसा हसला," असे बायका म्हणतात. कढईपाशी बसलेल्या नव्या सुनेला त्या हसण्याचे रडू येत असणार. चूक का झाली, हे सांगणारी अनुभवी बाई तेथेच बसलेली असे, आणि ते ती कोणत्या सुरात सांगते यावर त्या मुलीचा दिवस अवलंबून असे.

९/
येथे इतिहासाचा पहिला धक्का बसतो. "आईकडून शिकलेला स्वयंपाक" असे आपण सहज म्हणतो. पण एकोणिसाव्या शतकात, विशेषतः उच्चवर्णीय घरांत, मुलगी आईजवळ राहत होती किती वर्षे? १८७३ साली रमाबाई रानड्यांचा विवाह झाला तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. १८८० साली लक्ष्मीबाई टिळकांचे लग्न झाले तेही अकरा-बाराव्या वर्षी. त्या वयात आईची शाळा जेमतेम भातुकलीच्या पुढे सरकलेली असे. उरलेले सारे शिक्षण सासूच्या, जावेच्या, आजेसासूच्या हाताखाली होई.

१०/
याचे दोन परिणाम झाले. एक, पदार्थांचा प्रवास. सून आपल्याबरोबर माहेरची चव आणी आणि सासरची चव शिके; दोन गावांच्या, कधी दोन प्रांतांच्या पद्धती एका चुलीवर एकत्र येत. आपण ज्याला 'आमच्या घरची आमटी' म्हणतो, ती अशा अनेक माहेरांची बेरीज असते. दुसरा परिणाम कडू. हे शिक्षण अनेकदा भीतीच्या छायेत झाले. आजीच्या हातच्या चवीचे गोडवे गाताना ती चव तिच्या हाताला कोणत्या वयात आणि कोणत्या धाकात लागली, हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारले पाहिजे.

११/
आणखी एक वर्ग होता, ज्याविषयी फारसे बोलले जात नाही. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरांत पाळीच्या दिवसांत बाई तीन दिवस 'बाजूला' बसे. चुलीपाशी जायचे नाही, भांड्याला शिवायचे नाही. मग घरात दुसरी मोठी बाई नसेल तर स्वयंपाक कोणी करायचा? आठ-दहा वर्षांच्या मुलीने. आई लांबून सूचना देई आणि मुलगी त्याप्रमाणे करी. बाईला दूर बसवणाऱ्या रूढीने मुलीला केवळ शब्दांवरून स्वयंपाक करायला लावले. पाककृती तोंडी 'सांगण्याची' सवय अशा प्रसंगांतूनही पडली असावी.

१२/
या ज्ञानाला बाजारात किंमत होती का? होती, पण ती बहुधा दुसरे सर्व मार्ग बंद झालेल्या बाईच्या पदरी पडे. केशवपन झालेल्या, आधार गमावलेल्या अनेक विधवा दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकीण म्हणून राहत. लग्नाच्या मोठ्या पंगतींचे मानाचे काम आचारी पुरुषांकडे जाई; रोजची धुराची चूल या बायकांकडे. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ साली निघाले, धोंडो केशव कर्वे यांचा आश्रम १८९६ साली. स्वयंपाकाखेरीज दुसरेही काही शिकून पोट भरता येते, ही वाट त्यानंतर हळूहळू दिसू लागली.

१३/
चूल आणि शाळा यांचा संघर्षही त्याच काळातला. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली. शाळेची वेळ दिवसभराची. त्यामुळे मुलींना घरकाम शिकायला वेळ उरणार नाही, अशी टीका तेव्हाच्या पुण्यातील वृत्तपत्रांतून झाली. वाद इंग्रजी शिकवावे की नाही एवढ्यापुरता नव्हता. मुलीच्या दिवसाचे तास कोणाचे, हा खरा प्रश्न होता. पुढे १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले तेव्हा त्याच्या अभ्यासक्रमात गृहशास्त्र हा विषय आला. आजीची विद्या प्रथमच फळ्यावर लिहिली जाऊ लागली.

१४/
मग कायद्यांनी आईची शाळा लांबवली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा १० वरून १२ वर नेली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरवले, १९७८ साली ते १८ झाले. कायदा झाला म्हणून समाज एका रात्रीत बदलला नाही, हे खरे. पण दिशा स्पष्ट होती. मुलगी माहेरी अधिक वर्षे राहू लागली, तसतसे स्वयंपाकाचे गुरुपद सासूकडून आईकडे सरकले. 'आईच्या हातची चव' ही भावना सनातन वाटते. ती इतक्या मोठ्या प्रमाणावर रुजण्यामागे विवाहवयाचा हा इतिहास आहे.

१५/
आता कागदाकडे वळू. १८७५ साली पुण्यात रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' प्रसिद्ध झाले. मराठीतील आरंभीच्या छापील पाकपुस्तकांत त्याची गणना होते. नावातील 'सूप' इंग्रजी नव्हे. संस्कृतात सूप म्हणजे वरण किंवा रसदार पदार्थ, आणि सूपकार म्हणजे स्वयंपाकी. लेखक पुरुष आहे, हे लक्षात घ्यावे. ज्या काळात लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्या काळात बायकांचे ज्ञान पुरुषाच्या लेखणीतून छापखान्यात पोहोचणे अपरिहार्यच होते.

१६/
विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात चित्र पालटते. मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातील लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक लिहिले. एक हजार! आता करणारी आणि लिहिणारी एकच होती. तीन-चार दशकांपूर्वी उघडलेल्या मुलींच्या शाळांचे हे एक अनपेक्षित फळ मानावे लागेल. ज्या शिक्षणामुळे मुली स्वयंपाक विसरतील असे भय व्यक्त झाले होते, त्याच शिक्षणाच्या लाटेने बायकांच्या हाती लेखणी दिली आणि स्वयंपाकाला पुस्तक मिळाले.

१७/
येथे या धाग्याचे मुख्य सूत्र सांगतो. पाककृती कागदावर उतरते ती बहुधा शिकवणारी जवळ नसते तेव्हा. आजी शेजारी उभी असेल तर पुस्तक कशाला हवे? नोकरीसाठी शहरात बिऱ्हाड थाटलेले जोडपे, एका खोलीतला संसार, सासू गावी, आई त्याहून लांब : पाकपुस्तकाची वाचक येथे जन्माला येते. म्हणून जुने पाकपुस्तक हाती आले की केवळ पदार्थ वाचू नयेत. कोण कोणापासून दुरावले होते, हेही त्यात वाचता येते.

१८/
दुराव्याची दुसरी बाजू गिरणगावात दिसते. १८५०च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या. कोकणातून आणि घाटावरून पुरुष आले. घर गावीच राहिले. त्यांना जेवू घातले खाणावळवाल्या बायकांनी. महिन्याच्या हिशेबावर, दहा बाय दहाच्या खोलीत, पहाटेपासून. आईकडून फुकट शिकलेली विद्या येथे उपजीविका झाली, पण सावकाराचा फास सुटला नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली, या बायकांना संघटित केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. ज्यांना समाज 'जेवण करणाऱ्या बायका' म्हणत होता, त्या खातेदार झाल्या.

१९/
दरम्यान मोजमापेच बदलली. जुन्या घरांत धान्य मापांनी मोजत : दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. त्यातही गावोगावचा शेर वेगळा. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली. १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६०च्या दशकाच्या आरंभी सक्तीची झाली. आजीचे "चिपटेभर तांदूळ" नव्या सुनेला कळेना, आणि सुनेचे "अडीचशे ग्रॅम" आजीला. एका घरातील दोन पिढ्यांची भाषाच तुटली.

२०/
ही तुटलेली भाषा जोडली एका वाटीने. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले. १९१३ साली जन्मलेल्या कमलाबाईंचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतचे. स्वयंपाकाचे धडे त्यांनी लग्नानंतर सासूकडून घेतले. त्यांनी प्रमाणे दिली ती वाटी आणि चमचा यांत. वाटी प्रत्येक घरात असते, आणि सगळे एकाच वाटीने मोजले की ती लहान की मोठी याने फारसे बिघडत नाही. पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. लग्नात मुलीला 'रुचिरा' भेट देण्याची रीतच पडली. सासूकडून शिकलेली विद्या ज्यांना सासू जवळ नव्हती अशा असंख्य सुनांपर्यंत पोहोचली.

२१/
मग आजीचा स्वयंपाक म्हणजे कधीही न बदललेली परंपरा का? उपवासाची साबुदाण्याची खिचडी पाहा. मिरची, बटाटा आणि शेंगदाणा ही तिन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील. ती युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांमागून आपल्याकडे आली. आजचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो टॅपिओकाही मूळचा तिकडचाच. तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात त्याचा उद्योग १९४०च्या दशकात उभा राहिला. कडक सोवळ्यातल्या आजीने हे चारही परके जिन्नस उपवासाच्या ताटात बसवून घेतले. परंपरा जपणारी म्हणून आपण जिला ओळखतो, ती प्रयोगशीलही होती. तिने प्रयोगाची नोंद तेवढी ठेवली नाही.

२२/
शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कोणाच्या आजीचा स्वयंपाक पुस्तकात आला? 'महाराष्ट्रीय पाकशास्त्र' या नावाखाली दीर्घकाळ छापले गेले ते प्रामुख्याने मोजक्या उच्चवर्णीय घरांतले. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले. मराठवाड्यातील दलित समाजाच्या खाद्यसंस्कृतीची ही नोंद. तेल-तूप हाताशी नसताना रांधलेले पदार्थ, मांसाच्या सुकवलेल्या चान्या, आणि या अन्नाभोवती समाजाने उभारलेल्या अपमानाच्या भिंती. पुस्तकाच्या नावातील एका 'अ'ने शतकांची पोकळी दाखवली. त्या चुलींपाशीही आया आणि आज्या शिकवत होत्या. लिहून घ्यायला कोणी गेले नव्हते, इतकेच.

२३/
इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना म्हणून एक काम सुचवतो. घरात आजी असेल तर तिची एक पाककृती लिहून घ्या, पण पाककृतीपुरते थांबू नका. हा पदार्थ तिला कोणी शिकवला? त्या बाईचे नाव काय, गाव कोणते? तेव्हा आजीचे वय किती होते? मापासाठी कोणते भांडे होते? जळण कोणते होते? जिन्नस घरचा की बाजारचा? हा पदार्थ कोणी आधी खायचे आणि कोणाच्या वाट्याला शेवटी उरायचे? तारीख घाला आणि तिच्याच शब्दांत लिहा. तिचा 'अंदाज' ग्रॅममध्ये बदलण्याची घाई करू नका.

२४/
आणि ही वही केवळ मुलींनी लिहावी असे नाही. नातवाने आजीपाशी बसून कणीक मळायला शिकणे हीसुद्धा या इतिहासातील नवी नोंदच ठरेल. सोमेश्वर राजाचे नाव आपल्याला नऊशे वर्षांनंतरही ठाऊक आहे, कारण त्याच्या ग्रंथावर ते होते. मांडे करणारीचे नाव नाही. निदान आपल्या घरच्या पुरणपोळीखाली ती शिकवणारीचे पूर्ण नाव लिहिणे आपल्या हाती आहे. आजीची आई, आजीची सासू, जमल्यास त्यांच्याही मागची एक पिढी. तेवढी नावे मिळाली तरी एकोणिसाव्या शतकापर्यंत पोहोचता येईल.

धागा समाप्त. आपल्या घरी मापासाठी कोणते भांडे वापरत आणि त्याला काय म्हणत, ते खाली अवश्य लिहा.